कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं, आणि ते लक्षात कसं ठेवायचं

सर्व्हिसिंगच्या काउंटरवर हा संवाद हमखास ऐकू येतो. "अहो, मागच्या सर्व्हिसिंगनंतर गाडी अडीच हजार किलोमीटरसुद्धा चालली नाहीये. ऑइल कशाला बदलताय?" काउंटरवरचा मुलगा मॉनिटरकडे बघत म्हणतो, "सर, वर्ष झालं ना." सरांना वाटतं, हा बिल फुगवतोय. बिल फुगवण्याचे प्रकार त्या काउंटरवर चालतात, नाही असं नाही. तीन हजार किलोमीटरला इंजिन फ्लश, एसीला सुगंधी फवारा, अंडरबॉडी कोटिंग वगैरे. त्यांना खुशाल नाही म्हणा. पण ऑइलच्या बाबतीत तो मुलगा बरोबर बोलतोय.

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्यासाठी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असं दिलेलं असतं. रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याचे किलोमीटर आधी भरतात, त्यामुळे वर्षाची अट कुणाच्या लक्षातच राहत नाही. घरून काम करणारे, निवृत्त झालेले, मेट्रोने जाणारे, घरात दुसरी गाडी असलेले आणि गावच्या घरी एक गाडी ठेवून दिलेले, यांचं मात्र नेमकं उलटं होतं. त्यांच्या गाडीचा सगळा हिशोब तारखांवर चालतो आणि डॅशबोर्डवर तारखा दिसत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी.

न चालताही ऑइल खराब का होतं

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून टपकतं ते हेच. पण थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन चांगलं तापलं की दोन्ही उडून जातं. तापलंच नाही, तर ते तिथेच मुरतं. पाणी आणि ज्वलनातले वायू मिळून आम्ल तयार होतं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं हळूहळू संपतात आणि मग ऑइल गाडीत नुसतं असतं, कामाचं उरत नाही.

इथे एक गैरसमज होतो. टेंपरेचरची सुई मध्यावर आली म्हणजे इंजिन तापलं, असं आपण धरतो. ती सुई कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून घर, मध्ये भाजी मंडई, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल कधीच पुरेसं गरम होत नाही. म्हणजे रोज थोडी थोडी चालणारी गाडी महिन्यातून एकदा पुणे-कोल्हापूर करणाऱ्या गाडीपेक्षा ऑइलच्या दृष्टीने वाईट अवस्थेत असू शकते.

खात्री करायची असेल तर गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा. झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसला, तर ते ऑइल आणि पाण्याचं मिश्रण आहे. पावसाळ्यात आणि थंडीत, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत तो दिसतोच. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. फडक्याने पुसून घ्या, गाडी तास-दीड तास हायवेवर फिरवून आणा आणि आठवड्याने परत बघा. थर पुन्हा आला नाही, तर प्रश्न छोट्या फेऱ्यांचाच होता. पण पट्टीवरचं, म्हणजे डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा दुधाळ दिसत असेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर मामला वेगळा आहे. कूलंट ऑइलमध्ये शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलंय. अशी गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

तुमच्या गाडीचं अंतर ठरवा

रोज किंवा दिवसाआड चालणारी, पण दरवेळी पाच-सात किलोमीटरच्या आत थांबणारी गाडी. सगळ्यात जास्त काळजी हिची. मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर 'कठीण परिस्थितीतला वापर' अशा अर्थाचा एक तक्ता असतो, तो फार कमी लोक वाचतात. छोट्या फेऱ्या, धूळ आणि सतत ट्रॅफिकमध्ये थांबणं हे सगळं त्यात येतं, आणि तिथे दिलेलं अंतर नेहमीपेक्षा कमी असतं. ते तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. काही लिहिलेलं नसेल तर सहा महिने किंवा ५,००० किलोमीटर धरा.

शनिवार-रविवारची गाडी. आठवडाभर उभी, पण निघाली की तीस-चाळीस किलोमीटर जाते. हिला वर्षातून एक ऑइल चेंज पुरतो. तीन हजार किलोमीटरच झालेत म्हणून दोन वर्षं खेचू नका. छोट्या पेट्रोल गाडीत ऑइल आणि फिल्टरचा खर्च साधारण दोन-तीन हजार रुपये येतो. गाडीवर वर्षभरात आपण जो बाकीचा खर्च करतो, त्यात हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

महिनोन्महिने उभी राहणारी गाडी. मे महिन्यात कोकणात वापरली, मग थेट गणपतीत. किंवा मुलगा-सून परदेशी, गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. हिचंही वर्षातून एकदाच, पण वेळ महत्त्वाची आहे. लोक परत आल्यावर ऑइल बदलतात. करायचं असतं ठेवून देण्याआधी. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा घेऊन इंजिन सहा महिने बसलं, तर बेअरिंगवर परिणाम होतो तो त्या सहा महिन्यांत. नवं ऑइल भरून, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून, मग झाकून ठेवा.

सीएनजीवाल्यांना एक जादा सूचना. गॅस जळताना पाण्याची वाफ पेट्रोलपेक्षाही जास्त होते, त्यामुळे छोट्या फेऱ्यांचा त्रास त्यांना अधिक. शिवाय टाकीतलं पेट्रोल तसंच पडून जुनं होतं. दर आठवड्याला दहाएक किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, आणि टाकी गच्च भरून ठेवू नका. संपत राहील आणि ताजं भरलं जाईल, एवढंच ठेवा.

बीएस-६ डिझेल गाडी कमी वापरासाठी घेतली असेल, तर खरं सांगायचं तर निवड चुकली. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी एका लयीत, साधारण ६० च्या वर, पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. शहरात ते जमत नाही, प्रक्रिया अर्धवट सुटते आणि काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आनंद मानू नका. ते डिझेल आहे, आणि त्या ऑइलचे किलोमीटर न मोजता ते बदलायचं असतं.

ऑइल कोणतं

मॅन्युअलमध्ये दिलेली ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ ते सांगणारा आकडा, बघून घ्या. नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लागतं, काहींना ५डब्ल्यू-३०. गल्लीतल्या गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, "साहेब, आपल्या उन्हाला जाड ऑइल टाका." जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांच्या काळात तो सल्ला चालून गेला असेल. आजची इंजिनं पातळ ऑइलसाठीच बनवलेली आहेत, आणि दहा दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होताना पातळ ऑइलच लवकर वर पोचतं. कमी चालणाऱ्या गाडीला तर याची गरज जास्त. ग्रेडबरोबर डब्यावरची एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाची अक्षरंही बघा. पेट्रोल गाड्यांसाठी एसपी हा २०२० पासूनचा दर्जा आहे, त्याआधीचा एसएन. डीपीएफवाल्या डिझेलला वेगळं, कमी राख करणारं ऑइल लागतं. तिथे मॅन्युअलमधला कोड शब्दशः जुळवून घ्या.

सिंथेटिक ऑइल टिकतं जास्त, यात शंका नाही. पण पेट्रोल आणि पाणी त्यातही तितकंच मिसळतं. सिंथेटिक टाकलंय म्हणून वर्षाची अट रद्द होत नाही.

पट्टी बघायची पद्धत

महिन्यातून एकदा, दोन मिनिटांचं काम. गाडी सपाट जागी हवी. सोसायटीच्या उतारावर बघितलेली पातळी चुकीची येते. इंजिन बंद करून निदान पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. पट्टी ओढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत ओढा. दुसऱ्यांदा काढलेलीच खरी. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असलं पाहिजे. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑइलही वाईटच. मेकॅनिक 'थोडं जास्त टाकलंय, काळजी नको' म्हणतो तेव्हा काळजी करा आणि जास्तीचं काढायला सांगा.

रंगावर फार जाऊ नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, आणि कमी चाललेल्या पेट्रोल गाडीचं वर्षानंतरही मधासारखं दिसू शकतं. त्यात आम्ल किती आहे, ते डोळ्यांना कळत नाही. त्याऐवजी पट्टी नाकाजवळ न्या. पेट्रोलचा झणका आला, तर छोट्या फेऱ्यांनी त्याची वाट लावली आहे.

ऑइल चेंज: स्वतः करा किंवा समोर उभं राहून करून घ्या

बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हे काम करू देत नाहीत, आणि तेही रास्तच आहे. पण गॅरेजमध्ये आपल्यासमोर करून घेणाऱ्यालाही क्रम माहीत हवा.

१. गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. कोमट ऑइल पटकन आणि पूर्ण निघतं. उकळतं नको, हात भाजतो.

२. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. घरी करत असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. खाली मजबूत स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे.

३. वरचं ऑइलचं झाकण सैल करा. हवा आत गेली की खालून धार मोकळी येते.

४. चेंबरखाली पसरट भांडं ठेवून ड्रेन बोल्ट योग्य मापाच्या पान्याने सोडवा. शेवटचे आटे हाताने. धार संपून थेंब थेंब पडेपर्यंत थांबा. घाईचं गॅरेज इथेच वेळ वाचवतं.

५. जुना फिल्टर काढा. त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून मागे राहिलेली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की सगळं ऑइल बाहेर.

६. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने थोडं ऑइल लावा. फिल्टर हातानेच फिरवा. रिंग टेकली की वर साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही. काही गाड्यांत डब्याऐवजी नुसता कागदी फिल्टर आणि प्लास्टिकचं झाकण असतं, तिथे झाकणावर लिहिलेला जोर पाळा.

७. ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाका. वीस-तीस रुपयांची वस्तू, पण गॅरेजवाले जुनाच वापरतात. म्हणून तो आपणच खिशात घेऊन जावा.

८. ऑइल भरताना डबा सीलबंद आणला होता का, आणि सील तुमच्यासमोर फोडलं का, हे बघा. छोट्या पेट्रोल गाड्यांना तीन ते चार लिटर लागतं. नेमका आकडा फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असा मॅन्युअलमध्ये वेगवेगळा दिलेला असतो. आधी थोडं कमी भरा.

९. इंजिन मिनिटभर चालू ठेवा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. खाली वाकून बोल्ट आणि फिल्टरपाशी गळती बघा. बंद करा, थांबा, पट्टी बघा, कमी असेल ते भरा.

१०. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड आणि लिटर लिहून घ्या. वॉरंटीतली गाडी असेल तर या बिलाला किंमत आहे. किलोमीटर कमी असले तरी वार्षिक सर्व्हिसिंग चुकलं, की कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं.

घरी काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आठवण कुणी करून द्यायची

गाडीतला पान्याच्या चित्राचा दिवा किंवा 'सर्व्हिस ड्यू'चा संदेश यावर विसंबू नका. काही गाड्यांत तो फक्त किलोमीटर मोजतो. वर्षाला अडीच हजार चालणाऱ्या गाडीत तो चार वर्षं गप्प बसेल. काहींत किलोमीटर आणि दिवस दोन्ही मोजले जातात, पण मागच्या सर्व्हिसिंगला तो रीसेट केलेलाच नसतो. पद्धत मॅन्युअलमध्ये असते, दोन बटणांचं काम. गॅरेज सोडताना ते करून घ्या. शोरूमचे फोन आणि मेसेज येतात, पण आपण गॅरेज बदललं की तेही थांबतात.

मला विचाराल तर गाडीचं वर्षाचं सर्व्हिसिंग पितृपक्षात करावं. पाऊस ओसरत आलेला असतो, म्हणजे पावसाळ्यात ऑइलने आणि ब्रेकने जो ओलावा खाल्ला तो बाहेर पडतो. नव्या गाड्यांची डिलिव्हरी त्या पंधरवड्यात थंडावलेली असते. आणि पुढे दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचाच आहे, त्याआधी तिचं पोटातलं काम झालेलं बरं. ऑइल बदलण्याला पितृपक्ष आडवा येत नाही. नवरात्रात गेलात तर 'दसऱ्याला गाडी पाहिजेच' म्हणणाऱ्यांच्या रांगेत बसाल. सहामाही वाली गाडी असेल तर दुसरा ऑइल चेंज गुढीपाडव्याच्या आसपास. आणि सात जूनच्या आधी, मृग लागायच्या बेतात, एक छोटी तपासणी: वायपरचे रबर, टायरची नक्षी, दिवे, आणि काचेखालच्या जाळीत साचलेला पाला. ती जाळी तुंबली की पाणी थेट पायाखालच्या मॅटपर्यंत येतं.

पंचांगाच्या हिशोबात एक मेख आहे. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला. म्हणजे वर्षापेक्षा अठरा दिवस जास्त. जुन्या गाडीला अठरा दिवसांनी काही होत नाही. वॉरंटीतल्या गाडीला मात्र बिलावरची तारीख पाळा.

फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना नुसतं 'गाडी सर्व्हिसिंग' लिहू नका. 'ऑइल: ०डब्ल्यू-२०, ३.१ लिटर, फिल्टर नंबर अमुक, मागच्या वेळी ४१,२०० किमी' असं सगळं त्याच नोंदीत भरा. दर वर्षी पुन्हा येईल असं लावा, महिनाभर आधी एक सूचना आणि आठवडाभर आधी दुसरी. सांगलीत बाबांची गाडी आणि पुण्यात तुम्ही, असं असेल तर नोंद तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि बाबांना शेअर करा. बाबांच्या भरवशावर ठेवलीत तर "अरे, गाडी झकास चालतेय, कशाला?" हे उत्तर ठरलेलं आहे. फोन बदलतात, म्हणून एक कागदी नोंदही असू द्या. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला ऑइलची पुढची तारीख लिहिलेलं स्टिकर. दार उघडलं की ते दिसतं.

त्याच कॅलेंडरमध्ये किलोमीटरशी संबंध नसलेल्या बाकीच्या गोष्टी टाका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग घाटात गरम होऊन ब्रेक पोकळ लागतो. कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या वर्षांनी. टायरच्या कडेला चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी सहाएक वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तडे तपासा, आणि दहा वर्षांपुढे टायर वापरू नका. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी, दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. किलोमीटर कमी म्हणून ती सुटत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात आधी विसरतं ते पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ते वर्षभर चालतं. सापडलात तर कायद्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. विम्याची एक खाच: सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम मिळतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. 'तीन वर्षांचा काढलाय' या समजुतीत तो संपून जातो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. कमी चालवणाऱ्यांसाठी किलोमीटरनुसार हप्ता आकारणारी पॉलिसी २०२२ पासून मिळते. तिचे ठरलेले किलोमीटर संपत आले, की वाढवून घ्यायचे असतात. आणि कमी चाललेली गाडी बघता बघता पंधरा वर्षांची होते. तेव्हा आरटीओकडे नोंदणीचं नूतनीकरण, आणि पुढे दर पाच वर्षांनी.

नुसती चालू करून ठेवण्याचा उद्योग

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू करायची, पेपर वाचेपर्यंत ठेवायची आणि बंद करायची. प्रत्येक सोसायटीत असे दोन-तीन काका असतात. काका, राग मानू नका, पण याने गाडीचं नुकसान होतं. सेल्फ मारायला बॅटरीतून जेवढं गेलं, ते पाच-सात मिनिटांच्या आयडलिंगमध्ये धड परत येत नाही. इंजिन अर्धवट तापतं, पाणी तयार होतं आणि ऑइलमध्येच राहतं. सायलेन्सरच्या आतही तेच. त्यापेक्षा गाडी बंद राहिलेली बरी.

चालवायची तर नीट चालवा. आठवड्यातून एकदा, निदान पंधरवड्यातून एकदा, वीस ते तीस मिनिटं, शक्यतो जिथे टॉप गिअर पडेल अशा रस्त्यावर. मधली दहा मिनिटं एसी लावा, अगदी डिसेंबरातही. कॉम्प्रेसरच्या सीलला त्याच्यातलं तेल पोचतं. ब्रेक दोन-चारदा चांगले दाबा, म्हणजे डिस्कवरचा गंज घासला जातो.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. बंद गाडीतही घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, अलार्म मिळून थोडा करंट चालू राहतो. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. म्हणजे महिन्याभरात ती सपाट, आणि सेल्फ फिरणं त्याच्या बरंच आधी थांबतं. वर ट्रॅकर किंवा पार्किंगमध्ये चालणारा डॅशकॅम असेल तर आणखी लवकर. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे चालवायची वेळ झाली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जर शोधा. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असेल तर आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर हा सगळ्यात उत्तम उपाय.

दोन-तीन महिने ठेवून जायचं असेल तर

नवं ऑइल भरलेलं आहे, गाडी धुऊन पूर्ण सुकवली आहे, असं धरून चालू. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. पावसाळ्यात तर प्लास्टिकचं कव्हर नकोच, आत बाष्प कोंडतं आणि सीटवर बुरशी चढते. कोकणात हे पंधरा दिवसांत होतं. आतले बिस्किटांचे पुडे, खाऊचे कागद काढा. उंदीर त्यासाठीच येतात आणि जाताना वायरिंग कुरतडतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या यांवर माझा भरवसा नाही. डांबरगोळ्यांचा वास तेवढा पुढे महिनाभर एसीतून येत राहतो. बंद गॅरेजमध्ये सापळा लावा, आणि एअर फिल्टरच्या तोंडापाशी बारीक तारेची जाळी लावली असेल तर परत येताना ती काढायची आहे, असं स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवून लिहा.

नियमित चालणाऱ्या सीएनजी गाडीला वर सांगितलं त्याच्या उलट, इथे पेट्रोल टाकी भरून ठेवा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा कमी. पण हे दोन-तीन महिन्यांसाठी. त्याहून जास्त राहणार असाल तर कुणालातरी गाडी चालवायला सांगून जा.

टायरची हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त. हँडब्रेक लावू नका. दमट हवेत मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि मग गाडी जागची हलत नाही. गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी निगेटिव्हच, आणि त्याआधी दारं किल्लीने उघडता येतात ना, हे बघून.

परत आल्यावर पहिलं स्टार्ट

टर्मिनल जोडण्याआधी बॉनेटखाली नजर फिरवा: कुरतडलेल्या वायरी, घरटं, जमिनीवर डाग. ऑइलची पट्टी, कूलंट, ब्रेक ऑइल बघा. पट्टीवर दुधाळ दिसलं तर चालू करू नका. सगळं ठीक असेल तर बॅटरी जोडा, किल्ली ऑनवर फिरवून दोन-तीन सेकंद थांबा, पेट्रोलचा पंप आपलं काम करून घेतो. मग सेल्फ. सुरू झाल्यावर रेस करू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या आणि हळू निघा. पहिल्या वळणाआधी रिकाम्या जागी ब्रेक दाबून बघा. खरखर येईल, दोन-चार वेळा दाबल्यावर ती जायला हवी. टायरमधून सुरुवातीला धडधड येते, तीही काही किलोमीटरमध्ये बहुधा जाते. हवा वाटेतल्या पहिल्या पंपावर मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा.

जाण्याआधी ऑइल बदलायचं राहून गेलं असेल आणि त्याला वर्ष उलटलं असेल, तर ही फेरी सरळ गॅरेजपर्यंतच न्या आणि गाडी गरम असतानाच ड्रेन बोल्ट उघडायला सांगा. थंड होऊ दिली तर तळाचा गाळ पुन्हा खाली बसतो.